मनूचे दोन थेंब

घरात एक जरी औषधाची बाटली आली की तिच्याबरोबर गोष्टी फुकट येतात. आमच्या घरी तर भांगेच्या तेलाची बाटली आली. तीही सात वर्षांच्या पोरीसाठी. मग काय, तीन महिन्यांत एवढे किस्से साठले की ऐरोलीच्या गार्डनमधल्या आमच्या बाकड्यावर आता दुसरा विषय निघत नाही. मी चौथी शिकलेला माणूस, जमेल तसं सांगतो.

मनू माझी नात. तिला ऑटिझम आहे. चार वर्षांची असेपर्यंत थोडं बोलायची, मग तेही बंद झालं. झोप कमी. आणि चिडली की स्वतःचं मनगट चावते. एकाच जागी, रोज. ती जखम काही सुकेना, म्हणून माझी सून प्राची आम्हा सगळ्यांना घेऊन एका वैद्यबाईंकडे गेली.

बाई सरळ होत्या. म्हणाल्या, "यानं ऑटिझम जात नाही. बोलायला लागेल असंही नाही. काही मुलांची झोप सुधारते, चिडचिड कमी होते, काहींना काहीच फरक पडत नाही. तीन महिने बघू, नाहीतर बंद. यात भांगेचा अर्क आहे."

'भांग' ऐकल्यावर माझी बायको सुंदराबाई मनूला उचलून दारापर्यंत पोचली. "पोरीला भांग पाजाची नाय. घरात एक नशेबाज हाय तेवढा बस."

मी विचारलं, "डॉक्टर, आजोबाला पण मिळतं का?"

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हाला गरज दिसत नाही."

*

संध्याकाळी सातला टीव्ही बंद. वैद्यबाईंचा हुकूमच तसा होता. रोज तीच वेळ, तीच जागा, आरडाओरडा नाही. प्राची ऑफिसात, म्हणून थेंब द्यायचं काम सुंदराबाईचं. मी समोर बसून तोंड उघडून दाखवायचो, "मनू, आ कर."

पहिले दोन दिवस मनूनं थेंब माझ्या शर्टावर थुंकले. तिसऱ्या दिवशी श्रीखंड चाटावं तसे गिळले. मी प्राचीला फोन करून सांगितलं, "पोरीला चव कळली. माझ्यावर गेलीय."

*

सोसायटीत बातमी फुटायला दोन दिवस लागले. सेक्रेटरी पाटकर कागद-पेन घेऊनच आले. "आबा, तक्रार आहे. बी विंगमध्ये गांजाचा वास येतो."

मी वैद्यबाईंची चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, दार लोटलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"यानं झोप लागते म्हणता? आमच्या सासूबाई रात्रभर जाग्या असतात."

"त्यांना वैद्यबाईंकडे न्या की."

"त्यांना नको हो," पाटकर म्हणाले, "त्या जाग्या असल्या की बोलतात. मला झोप लागली म्हणजे झालं."

*

आता माझी चूक सांगतो. पोरीला देतोय ते आहे तरी काय, म्हणून महिन्याभरानं एकदा त्याच बाटलीतले चार थेंब जिभेवर सोडले आणि गार्डनला गेलो.

दहा मिनिटांत पाय हलके. माझा दोस्त भोईर आमच्या पावणे गावचाच, लहानपणापासूनचा. त्याला म्हटलं, "खाडीतले फ्लेमिंगो माझ्याकडे बघून हसतायत."

"आबा, इथून खाडी दिसत नाय."

"तरी हसतायत."

मग मी बाकड्यावर उभा राहून, नव्या शहरासाठी गेलेल्या आमच्या शेतातल्या बेडकांची नावं घेतली म्हणे. भोईरनं मला रिक्षात घालून घरी आणलं. प्राची आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. सुंदराबाई मात्र पदर तोंडात धरून स्वयंपाकघरात पळाली. मला वाटलं, रडतेय.

*

तीन महिने झाले, सगळे पुन्हा वैद्यबाईंकडे गेलो. मनूची झोप वाढली होती. बाईंनी तिचं मनगट हातात घेतलं. खपली पडून गेली होती, खाली गुलाबी कातडी. प्राचीचे डोळे भरले. "डॉक्टर, औषध लागू पडलं."

बाईंनी सवयीनं बाटली उघडली. वास घेतला. एक थेंब तळहातावर चोळला.

"हे काय आहे?"

"तिलाचा तेल," सुंदराबाई म्हणाली. "घाण्याचा. तिसऱ्या दिवसापासून तोच देते." पिशवीतून तिनं खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली काढून टेबलावर ठेवली. "तुमचा मुद्देमाल यात हाय. एक थेंब सांडला नाय."

मग प्राची हळूच माझ्याकडे वळली.

"बाबा, मग ते फ्लेमिंगो?"

मी पंख्याकडे बघत बसलो.

वैद्यबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खोकल्याची बाटली उघडून ड्रॉपरनं थोडं तेल वर काढलं, उजेडात धरलं. "हेच ते. आता खरं औषध सुरू करायचं का, ते ठरवू या." प्राची सुंदराबाईकडे बघतेय, सुंदराबाई मनगटाकडे.

तेवढ्यात मनू खुर्चीवरून उतरली. बाईंच्या हातातून ड्रॉपर काढून घेतला. नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली, माझी हनुवटी धरली आणि म्हणाली,

"आजा, आ कर."

मी आ केला.