आप्पांनी उचललेला भंडारा

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात पोळ्या लाटत होते. मी गॅस बंद केला आणि पिशवी भरायला घेतली.

आप्पा म्हणजे माझे काका. अणदूरला त्यांचं कापडाचं दुकान. स्वभाव भोळा, आवाज मात्र चार गल्ल्यांत ऐकू जाईल असा. एका पुढाऱ्यावर त्यांचा फार जीव. हा पुढारी आमच्याच भागातून थेट दिल्लीला गेला, मोठा मंत्री झाला, पुढं देशही चालवील असं सगळे म्हणायचे. मग एका निवडणुकीत त्याच्याबद्दल कुजबुज सुरू झाली, तेव्हा आप्पांनी खंडोबापुढं भंडारा उचलला. देवाच्या हळदीची शपथ; आमच्याकडं त्याच्यावर कोर्ट नाही. "ह्यो माणूस खाणार न्हाय," आप्पा म्हणाले, आणि गावानं डोळे मिटून मतं दिली.

पुढं टीव्हीवर रेकॉर्डिंग वाजलं. सरकारी दवाखान्यांच्या औषधांच्या ठेक्यात वाटा मागणारा आवाज त्या पुढाऱ्याचाच, आप्पांच्या साहेबांचाच होता. आधी इन्कार, मग आजारपण, मग राजीनामा... आप्पांनी दुकानाचं शटर ओढलं ते ओढलंच. हा माणूस आता उठत नाही, अशी मला भीती वाटली. साहेबांना उद्या दुसरा पक्ष मिळाला असता. आप्पांना दुसरं गाव कुठून मिळणार?

पण एका सकाळी अंघोळ करून ते निघाले आणि घरोघर गेले. "म्या भंडारा उचलला, म्या चुकलो. काय बोलायचं ते बोला." लोक बोललेही. एका म्हातारीनं तर दारात उभं करून पार लाज काढली. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि वर तिच्याकडंच चहा मागितला. दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर वर गेलं.

पुढच्या निवडणुकीला नवा उमेदवार भंडारा घेऊनच दुकानात आला. आप्पांनी हात मागं घेतला. "आता शपथ न्हाय. हितं बसा, लोकं इचारतील तेची उत्तरं द्या." तेव्हापासून दुकानाच्या गादीवर बसून उत्तरं दिल्याशिवाय एकही प्रचारफेरी पुढं सरकली नाही. आप्पांच्या चुकीनं गावाला वाचा फुटली. मी एकदा चिडवलं, "आप्पा, तुमचे साहेब पडले ते बरंच झालं म्हणायचं."

"बरं कसं म्हनू पोरी? अजून दुखतंय की. पण आता झोप लागती."

परवा मी गावी गेले तेव्हा प्रचारवाले आले होते. गादी रिकामी बघून उमेदवार हात जोडून निघालाच होता. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. जन्मभर दुकानाच्या पुढच्या बाजूला न बसलेली ही बाई आप्पांच्या जागी मांडी घालून बसली.

"निवडून आल्यावर आमचे फोन घेता का?"

"घेईन की काकू," तो हसला आणि त्यानं नंबर सांगितला. काकूंनी चष्मा चढवला आणि तिथंच तो नंबर लावला. त्याच्या शेजारी उभ्या कार्यकर्त्याच्या खिशात फोन वाजला.

"ह्यो न्हाय," काकू म्हणाल्या, "तुमचा सांगा."