तीस अंशांवरचा जीवाणू

सुनंदा मगदूम गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात तिचाच विषय शिकवत होतो. उष्णतेचा तडाखा बसला की जीवाणूतली काही जनुकं जागी होतात आणि त्यांची प्रथिनं बिघडलेल्या प्रथिनांना सावरतात, एवढं मुलांना पाठ असतं. पण जीवाणूत शिरलेल्या विषाणूच्या डीएनएची नक्कलही या प्रथिनांवाचून अडते. डीएनए उलगडणाऱ्या प्रथिनाला विषाणूचं एक प्रथिन धरून आणतं आणि सोडतच नाही. उष्णतेच्या जनुकांची प्रथिनं ती पकड सोडवतात, तेव्हा कुठे काम सुरू होतं. "आणि ती आलीच नाहीत तर, सर?" एका मुलीने विचारलं. तेवढ्यात फोन थरथरला...

पंचवीसेक वर्षांपूर्वी कोल्हापुरात आम्ही एकाच प्रयोगशाळेत पीएचडी करत होतो. ती हुपरीची, घरातच चांदीच्या पैंजणांचं काम. जीवाणू वाढवून झालेल्या प्लेटा वाफेत निर्जंतुक करण्याआधी ती हात जोडायची. मी चिडवलं की म्हणायची, "हस की. पण जीव हायत ते." घर जैन, त्यामुळे जेवण दिवस मावळायच्या आत. तिचा दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा होता, खालचा दुपारचा, वरचा संध्याकाळचा. साडेपाचला ती बाहेरच्या बाकावर जेवायची आणि तशीच एसटी गाठायची.

सहा महिने खपून तिला हवा तो जीवाणू मिळाला. उष्णतेचं एक जनुक मोडलेला, तीस अंशांवर वाढणारा, बेचाळीसवर मरणारा, आणि ज्याच्यात विषाणूची नक्कल सुरूच होत नाही असा. प्लेटवर त्याचा एकच ठिपका उगवला होता. आनंदाच्या भरात तिने तो सगळाच फ्लास्कमध्ये घातला, फ्लास्क वॉटर बाथमध्ये, म्हणजे तीस अंशांवर लावलेल्या पाण्याच्या टाकीत ठेवला, आणि जपून ठेवायच्या नळ्या सकाळी भरू म्हणून जेवायला गेली. मला माझ्या कामासाठी तोच बाथ बेचाळीस अंशांवर हवा होता. मी तिचा फ्लास्क तासभर बाहेर काढला, काम उरकलं, फ्लास्क परत ठेवला आणि घरी गेलो. बेचाळीसवर नेलेलं बटण पुन्हा तीसवर आणायचं राहिलं.

सकाळी मी म्हणालो, "लाईट जाऊन आली, थर्मोस्टॅट अडकला." ती फ्लास्ककडे बघत बसली. "मी जेवाय गेले नसते तर थांबून बघितलं असतं की," एवढंच बोलली. तो जीवाणू पुन्हा सापडला नाही, शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि तिने गारगोटीच्या ज्युनिअर कॉलेजात बारावीची प्रात्यक्षिकं घेण्यात आयुष्य काढलं. मी प्राध्यापक झालो.

पर्युषण संपलं की क्षमावाणीच्या दिवशी तिचा फोन ठरलेला. "माझं काय चुकलं असंल तर क्षमा कर बाबा." दरवर्षी वाटायचं, आज सांगू. दरवर्षी मी "माझंही" म्हणून मोकळा व्हायचो, आणि मोकळा मुळीच होत नव्हतो. हे लिहितानाही मला लाज वाटते आहे.

यंदा क्षमावाणीला तिच्याच नंबरवरून फोन आला. तिचा धाकटा भाऊ अजित. "अक्का दरवर्षी करायची तुमास्नी, म्हटलं आपणबी करावं. काय चुकलं असंल तर..." त्याला मध्येच तोडून मी सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे लाईट गेली न्हवती?"

"नाही."

"अक्का त्या दिवसापासनं संध्याकाळचं जेवतच न्हवती की, सर. जेवाय उठले म्हणून सगळं गेलं, म्हणायची. आई किती मागं लागायची..."

तिचं संध्याकाळचं जेवण बंद झालेलं मी तेव्हाच पाहिलं होतं, पण मला वाटायचं, धर्माचा काही नियम घेतला असेल. एकदा तर मी त्यावरून तिची थट्टाही केली होती.

गेल्या रविवारी हुपरीला गेलो. क्षमेचा विषय अजितने काढला नाही, मीही काढला नाही. तिच्या खोलीत टेबलावर तोच डबा होता, शेवटपर्यंत ती तोच न्यायची. मी कप्पे वेगळे केले. खालच्याला पोचे आले होते, घासून घासून त्याची चकाकी गेली होती. वरचा अजून नव्यासारखा होता.