पोचलं की हात वर

"पाहू नको माह्याकडं, बोल," असं म्हणून सर शेवटच्या बाकावर भिंतीकडं तोंड करून बसत. फळ्याजवळ उभ्या पोरानं त्यांच्या पाठीशी बोलायचं. आवाज पोचला की सर हात वर करत. नाही पोचला, तर ओरडत, "बापा, मी धरणावर हावो असं समज!"

बोर धरणाकडच्या आमच्या शाळेत ते तासिकेवर मराठी शिकवत. दर वर्षी नवा आदेश निघाला तर नोकरी. मी गणिताचा कायम मास्तर. त्यांच्या वर्गातला गलका ऐकून माझं डोकं फिरायचं.

विषय एकच: शाळेत येताना काय पाहिलं ते सांगा. मध्ये कुणी टोकायचं नाही. घरी गोंडी बोलणारी आठवीतली एक मुलगी बोलत होती, तेव्हा मी दारातूनच तिचा शब्द सुधारला. ती मटकन खाली बसली. सर बाहेर येऊन हळूच म्हणाले, "महिन्याभरानं उठली होती, सर. तुमी घडीभरात बसवली."

पुढं तपासणीला साहेब आले. "काही अडचण?" त्यांनी विचारलं. अशा वेळी पोरं काय म्हणतात, तुम्हाला ठाऊकच आहे. पण ती उठली. "मुलींच्या संडासात पाणी नाई. आमी दुपारीच घरी जातो. मंग गणिताचा तास बुडते."

मागं उभ्या सरांचा हात सवयीनं वर गेला. तोच नडला. साहेबांना वाटलं, इशारा केला. पोरगी पढवून आणली आहे.

मुख्याध्यापकांच्या खोलीत साहेबांनी मला विचारलं. त्या हाताचा अर्थ मला पक्का माहीत होता. मी म्हणालो, "माझा वर्ग वेगळा, साहेब. कल्पना नाही." मी भ्यालो, दुसरं काही नाही.

नव्या वर्षी सरांचा आदेश निघाला नाही. सामान न्यायला आले तेव्हा मलाच म्हणाले, "चला सर, चहा घेऊ." रागावले असते तर बरं झालं असतं. आता हिंगणघाटला कापसाच्या कुठल्याशा जिनिंगमध्ये कामाला आहेत म्हणे.

संडासात पाणी आलं. ती मुलगी दुपारी माझ्या तासाला बसते. परवा उभी राहिली.

"सर, त्या हाताचं तुमाले तं मालूम होतं ना? मंग साहेबाले सांगतलं काऊन नाई?"

सगळा वर्ग माझ्याकडं पाहत होता. भ्यालो होतो बेटा, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी हजेरी घ्यायला लागलो.