उरलेल्या उड्या

शाळा माझी चौथीत सुटली, पण लांब उडीत मला मागे टाकणारा अंधेरीत तेव्हा कोणी नव्हता. जुहूच्या वाळूत पहाटे पहाटे जाऊन उडी कमावली होती. फुशारकी वाटली तर वाटू दे.

मरोळच्या एका कारखान्याला तेव्हा खेळाडू हवे होते. स्पर्धेत जो नंबर काढेल त्याला नोकरी. माझी दुसरीच उडी अशी गेली, की बघणारे उठून उभे राहिले. आणि पंचाने लाल झेंडा वर केला. पाय म्हणे फळीच्या पुढे पडला. मी आजही सांगतो, पाय मागे होता. खूप भांडलो. पंच म्हणाला, "अरे, अजून उड्या आहेत ना तुझ्या? मार की."

मी म्हटलं, "आंधळ्यासमोर मी उडी मारत नाही." बूट उचलले आणि मैदानाबाहेर आलो.

नोकरी दुसऱ्याला लागली. मी मग जुहूला भेळेच्या गाडीवर कांदे चिरले, मरोळलाच हमाली केली, केस पिकल्यावर मुलुंडला एका सोसायटीच्या गेटवर बसलो. पण जिथे गेलो तिथे ही गोष्ट छाती काढून सांगितली. नातीला तर झोपवताना सांगायचो. शेवटी विचारायचो, "मग आजोबा वाकले का?" ती अंथरुणातून ओरडायची, "नाऽऽही!"

ती नात आता नववीत आहे आणि लांब उडीच मारते. या हिवाळ्यात घाटकोपरला तिची स्पर्धा होती. जिंकली तर पुढच्या स्पर्धेला निवड. मी कठड्याला टेकून बघत होतो. तिची सगळ्यात झकास उडी गेली, आणि लाल झेंडा वर. ती पंच बाईंशी काहीतरी बोलली, बॅग खांद्याला लावली आणि सरळ माझ्याकडे आली. डोळे भरलेले, मान ताठ.

"चला आजोबा. फाउल नव्हताच. मी पण नाही वाकले."

इतकी वर्षं पोरीला मी जे भरवलं, ते समोर उभं होतं.

"उडी उरलीय का?"

"एक आहे. पण मी नाही मारणार."

"जा. मार."

"पण फाउल नव्हता ना!"

"नसेल. माझाही नव्हता. जा म्हणतो ना!"

"तुम्ही गेला होतात का?"

"नाही गेलो. म्हणून तर सांगतोय गं, जा."

माइकवर तिचा नंबर पुकारला. तिने बॅग माझ्या पायाशी आपटली आणि धावली. उडी रागात मारली, आखूड गेली. झेंडा पांढरा, पण निवड काही झाली नाही.

मेट्रोत ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. खाली मरोळ दिसायला लागलं तेव्हा म्हणाली, "आजोबा, उरलेल्या मारल्या असत्यात तर लागली असती नोकरी?"

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, घरचे त्यावरून चिडतात. या वेळी म्हटलं, "माहीत नाही."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पण पाय मागे होता ना तुमचा?"

"होता," मी म्हटलं. "मागेच होता."