अप्पांचे चार दिवस

आमच्या लातूरच्या घराच्या गेटची कडी वाजली की अप्पा हातातलं काम टाकून आधी बाहेर धावायचे. आलेल्या माणसाने तोंड उघडायच्या आत सांगून मोकळे व्हायचे, "लेक आलीय हैदराबादहून. चार दिवसांसाठी." मग परत आत, परत गेटपर्यंत. डाळमिलमध्ये जन्मभर मुकादमी केलेल्या माझ्या वडिलांना एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. मी माझ्या पोरीला, सईला घेऊन नवऱ्याचं घर सोडून आले आणि त्यांच्या पायाला भिंगरीच लागली.

माझी मोठी बॅग त्यांनी मुद्दाम पुढच्या खोलीत, दाराशी ठेवली होती. आल्यागेल्याला दिसावी म्हणून. मी ती माळ्यावर टाकायला गेले की म्हणायचे, "असू दे माय तिथंच. लोकं लई वाईट असतेत." बघता बघता वर्ष झालं. मला इथे नोकरी लागली, सईला इथल्या शाळेत घातलं. तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवून रोज तिला शाळेत सोडायला जाताना अप्पा समोरच्या काकूंना सांगायचे, "चार दिवसांसाठी आलीय." काकू त्या गणवेशातल्या पोरीकडे बघून मान डोलवायच्या. मला हसूही यायचं आणि रागही.

सईचा ताबा माझ्याकडेच राहावा म्हणून मी लातूरच्या कोर्टात अर्ज केला. नवऱ्याने हरकत घेतली. म्हणे, प्रकरण हैदराबादच्या कोर्टाचं, पोरगी लातूरला नुसती पाहुणी आहे. तिकडे गेलं असतं तर प्रत्येक तारखेला नोकरी सोडून परराज्यात धावणं मला झेपलं नसतं, आणि सई हातची गेली असती. आमचे बिरादार वकील अप्पांवर वैतागले. "लग्न कुठं लागलं, बाप कुठं राहतो, ते इथं कामाचं न्हाई. लेकरू कायम राहतं कुठं, तिथलं कोर्ट. आन् तुम्ही सगळ्या गल्लीला ती पाहुणी हाय म्हणून सांगून राहिलात!"

अप्पांचा चेहरा उतरला. साक्षीच्या दिवसापर्यंत ते धड जेवले नाहीत. अंगणात येरझाऱ्या घालायचे, बंद असलेला नळ पुन्हा बंद करायचे आणि पुटपुटायचे, "माझ्याच तोंडानं घात केला."

साक्षीत समोरच्या वकिलाने नेमकं तेच विचारलं, "मुलगी चार दिवसांसाठी आलीय, असं तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात ना?" मागच्या बाकावर सोबत म्हणून आलेले आमचे भाऊबंद आणि समोरच्या काकू बसल्या होत्या. ज्यांच्यापासून लपवलं, त्यांच्यासमोरच आता बोलायचं होतं. अप्पांनी कठडा घट्ट धरला.

"हाव, सांगत होतो," ते म्हणाले. "खोटं सांगत होतो, साहेब. नांदायला गेलेली लेक परत आली, याची लाज वाटत होती मला. लेक कायमची आलीय. नात माझ्याजवळ राहती. जायची न्हाई."

मला रडू आवरेना. घरी आल्यावर चप्पलही न काढता अप्पांनी स्टूल मागितलं, आणि बॅग स्वतःच्या हाताने माळ्यावर पार आत ढकलली.

प्रकरण लातूरलाच चाललं, सई माझ्याकडे राहिली. पुढच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. भेटायला आलेल्या नांदेडच्या आत्याने सवयीप्रमाणे विचारलं, "किती दिवस हाईस गं?" मी काही बोलायच्या आत समोरच्या काकूच म्हणाल्या, "अवो, ती इथलीच हाय. अप्पांनी कोर्टात सांगितलंय."