आधी धिरा, मंग बोल

वत्सलाकाकू कुठेही गेल्या तरी बसण्याआधी जवळ जे काही उभं असेल, खांब म्हणा, दार म्हणा, कठडा म्हणा, त्याला तळहाताने एक जोराचा रेटा द्यायच्या. आम्ही नागपुरात नवीन आलो तेव्हा शेजारच्या म्हणून त्या भेटायला आल्या. 'जयभीम' केला, चहाला हो म्हणाल्या आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटाला असा काही धक्का दिला की वरची लोणच्याची बरणी धाडकन खाली आली. "हालून राहिलं वं हे," त्या म्हणाल्या. बरणी फुटल्याचं त्यांना काडीचं काही वाटलं नाही. "उद्या तुह्या डोक्यात पडन. याले धिरा दे." मी साताऱ्याकडची, इथे शाळेत शिकवायला आलेली. धिरा म्हणजे टेकू, हे मला त्या दिवशी कळलं. बाई आहे की वादळ, असं मनात म्हणत मी काचा वेचल्या.

त्यांना लग्नाकार्याला न्यायची सोय नव्हती. वस्तीतल्या एका लग्नात नवरानवरी हार घालायला उभे राहिले आणि या स्टेजच्या कमानीला धक्के देत बसल्या. मुलीचा मामा ओरडला, "काकू, काय करून राहिली वं?" काकूंनी मागे न बघता सुनावलं, "आधी धिरा दे, मंग बोल!" हे वाक्य त्यांच्या तोंडी सदान्कदा असायचं. मला टायफॉइड झाला, तेव्हा फोनवर जो तो काळजी घे म्हणून सांगत होता. काकू मात्र सकाळ-संध्याकाळ गरम वरणभाताचं पातेलं घेऊन हजर. मी आभार मानायला तोंड उघडलं की तेच वाक्य. आधी खा, मग बोल, एवढाच त्याचा अर्थ.

एकदा मी विचारलंच, काकू, हे खूळ कुठून लागलं हो तुम्हाला? त्या लसूण सोलत होत्या. हात थांबला नाही. "आमच्या गावी वावधन आलं होतं. भिंत पडली अन् माही लहान बहीण गेली. भिंत कलली हे साऱ्यायले दिसत होतं वं. सारे बोलतच राहिले. धिरा कोणी नाही देल्ला." वावधन म्हणजे वादळी वारा. त्यानंतर मी त्यांच्या धक्क्यांना हसले नाही.

काका हिंगण्याच्या एका कारखान्यात होते. रिटायर झाले आणि वर्षभरात लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. खोलीत ठेवलं की ते तळमळायचे, रडायचे, जेवायला तोंड उघडायचे नाहीत. अंगणात कडुनिंबाखाली त्यांची चाकाची खुर्ची ठेवली की शांत. गल्लीतली माणसं, कुत्री, भाजीची गाडी बघत दिवस काढायचे. मग गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, निंबाची मुळं तोडली गेली आणि झाड उभं वाळलं. नागपूरचं ऊन! सावली गेली म्हणजे काका खोलीत कोंडले गेले. काकूंना ते बघवेना. "जनमभर कारखान्याच्या पत्र्याखाली राह्यला माहा बुढा. आता तरी आभाळ पाहू दे त्याले."

म्हणून त्यांनी एक गुंडाळीचं छत बसवून घेतलं. भिंतीला आडवा रूळ, त्यावर जाड पट्ट्यापट्ट्यांचं कापड, दोन घडीचे लोखंडी हात. हँडल फिरवलं की हात लांब होतात आणि कापड अंगणावर पसरतं. बसवणारा जाताना बजावून गेला, वारा सुटला की लगेच गुंडाळायचं. तो फाटकाबाहेर पडला नाही तोच काकूंनी पुढच्या दांडीला रेटा दिला. छत गदगदा हललं. झालं! त्यांनी त्याला परत बोलावलं. तो म्हणाला, "मावशी, याले खांब नाही लागत. हे असंच राह्यते." काकू म्हणाल्या, "दोन हातावर अधांतरी लटकून राहिलं अन् खाली माहा बुढा बसते. मले नको शिकवू."

दोन लोखंडी पाइप त्यांनी इतवारीच्या बाजारातून आणले. तेलाचे रिकामे डबे घेतले, त्यात पाइप उभे केले आणि गिट्टी-सिमेंट भरलं. सिमेंट धरेपर्यंत मी पाइप सरळ धरून उभी होते. काका डावा हात हलवून मला इकडे-तिकडे करायला सांगत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू बघितलं. मग सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी पाइप पुढच्या दांडीला करकचून बांधले. काकूंनी रेटा दिला. हललं नाही. पुन्हा दिला. नाहीच हललं. तेव्हा कुठे त्या काकांशेजारी टेकल्या आणि पदराने तोंड पुसलं.

पण आता छत गुंडाळायचं तर आधी पट्ट्या सोडायच्या, डबे बाजूला ओढायचे. रोज कोण करणार? हळूहळू ते गुंडाळणं बंदच झालं. मी म्हटलं, काकू, तो माणूस बजावून गेलाय. "आता धिरा आहे ना वं," त्या म्हणाल्या, आणि त्या विश्वासापुढे कोणाचं काय चालणार?

मे महिन्यात एका दुपारी आभाळ पिवळं पडलं आणि वावधन आलं. धुळीत समोरचं घर दिसेना. मी धावले तेव्हा कापड वरच्या बाजूला टम्म फुगलेलं, सिमेंटचे डबे उचलले जाऊन आपटत होते, आणि काकू एका खांबाला मिठी मारून उभ्या. पट्ट्या इतक्या घट्ट बसलेल्या की सुटायचं नाव नाही. "आधी बुढ्याले ने!" त्या ओरडल्या. काकांच्या खुर्चीची चाकं उंबऱ्याला अडली. मी खुर्ची तिरपी करून, ओढून, कशीबशी आत घेतली आणि वळून ओरडले, "काकू, सोडा ते!" त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. भिंतीतले बोल्ट प्लास्टरसकट निघाले आणि छत, दांडी, खांब सगळंच्या सगळं त्यांच्यावर आलं.

दवाखान्यात त्यांचं डोकं पट्ट्यांनी बांधलं होतं. एकदाच डोळे उघडले. हात चाचपडत सलाइनच्या स्टँडपर्यंत गेला आणि त्यांनी त्याला इवलासा धक्का दिला. "हालते," म्हणाल्या. मग मला ओळखून म्हणाल्या, "मास्तरीण, बुढ्याले कोंडू नको देऊ वं." पुन्हा काही त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गेल्या.

समाचाराला येणारा प्रत्येक जण अक्कल पाजळून जात होता. काहून लावले खांब? गुंडाळलं असतं तर वाचल्या असत्या. अहो, काकू जिवंत असताना यातलं एक तरी माणूस काकांना तासभर सांभाळायला आलं होतं का? माझं डोकंच फिरायचं. खांबांनी घात केला हे खरं. पण त्या खांबाला धरून त्या उभ्या राहिल्या म्हणूनच छत तेवढा वेळ टिकलं आणि काका आत आले, हेही खरं. यातलं जास्त खरं कोणतं, ते मला आजही ठरवता येत नाही.

काकूंच्या मागे जलदानविधी करायचा, म्हणून अंगणात मंडप घातला होता. त्यांची मुलगी संगीता वर्ध्याहून आलेली. ती म्हणाली, "बाबाले अंदरच राहू द्या ताई, गर्दीत घाबरतील. अन् मले आता त्या अंगणाचीच भीती वाटते." खोलीच्या बंद दारातून काकांचं रडणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, "तुझ्या आईने मला सांगून ठेवलंय," आणि दार उघडून खुर्ची बाहेर आणली, मंडपाच्या खांबाजवळ लावली.

काका गप्प झाले. त्यांनी खांबाकडे बघितलं, डावा हात उचलला आणि तळहाताने त्याला रेटा दिला. बांबू हलला. ते माझ्याकडे बघत राहिले.

मी मंडपवाल्याला हाक मारली. तो म्हणाला, "मॅडम, दोन घंट्याचं काम आहे, काही नाही होत. वाराही नाही आज..."

"आधी धिरा दे, मंग बोल," मी म्हटलं.

तो चमकून बघायला लागला. मग आणखी एक बांबू आणून त्याने तिरपा ठोकला, बुडाशी विटा लावल्या. काकांनी पुन्हा हात लावून बघितला. हललं नाही. मग त्यांनी मान मागे टेकली आणि उघड्या फाटकातून गल्लीकडे बघायला लागले.