तांदळाच्या डब्यातली काडतुसं

माझे वडील बँकेत आहेत, असं मी पार्ल्याच्या कॉलेजात तीन वर्षं सांगत होते आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ते बँकेतच होते. फक्त दाराबाहेर, स्टुलावर, मांडीवर एकनळी बारा बोअरची बंदूक घेऊन. मैत्रिणी पुढे विचारत नसत. त्यांच्या डोक्यात बँक म्हणजे आतली बाजू. मीही दुरुस्ती केली नाही.

ती बंदूक आजोबांची. गावाला भातात डुकरं शिरत म्हणून घेतलेली. आजोबा गेल्यावर जमीन चुलत्यांकडे राहिली आणि बंदूक परवान्यासकट आमच्या घाटकोपरच्या दहा बाय बाराच्या खोलीत आली. या वाटणीवर आई कितीतरी वर्षं हसत होती, म्हणजे दात ओठ खात होती. मग गिरण्यांचा संप झाला, वडिलांचा कापड विणायचा साचा बंद पडला तो कायमचाच, आणि तेव्हा कळलं की या शहरात काठीवाले वॉचमन पैशाला पासरी, पण स्वतःची बंदूक असलेल्या वॉचमनला बँक खुर्ची देते. बरं, स्टूल देते. आईचं हसणं थांबलं.

इतरांच्या वडिलांना छंद असत. पार्ल्याच्या एका मैत्रिणीचे वडील पोस्टाची तिकिटं जमवत, एकीचे पेटी वाजवत. माझे वडील रविवारी सकाळी काडतुसं भरत. याला छंद म्हणतात हे मला फार उशिरा समजलं. आमच्याकडे छंद हा शब्द फक्त कोणी दारू पीत असेल तर वापरत. परवान्यावर वर्षाला विकतची काडतुसं मिळत ती अगदी मोजकी, आणि वडील मे महिन्यात गावाला जाऊन ती डुकरांवर उडवून येत. मग उडवलेल्या रिकाम्या नळ्या पिशवीत घालून परत आणत आणि घरी पुन्हा भरत. हे कायद्यात कितपत बसतं हे त्यांनी कायद्याला कधी विचारलं नाही. त्यांच्या वडिलांनीही विचारलं नव्हतं.

रविवारचा थाट असा. वडील आंघोळ करून, देवाला हात जोडून पाटावर बसणार. आई स्टोव्ह विझवून, चहाचं भांडं उचलून गॅलरीत जाणार आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणणार, "चला, आमच्याकडे लढाई सुरू झाली." मग गोणपाटाच्या पिशवीतून आजोबांची हत्यारं निघत. काडतुसाच्या बुडातली उडून गेलेली ठिणगीची टोपी ठोकून काढायचा खिळा, छर्रे मापायची पितळी पळी, आणि काडतुसाचं तोंड मुडपायचं एक हातानं फिरवायचं यंत्र, जे दिसायला थेट शेवेच्या सोऱ्यासारखं होतं. काडतूस म्हणजे बुडाला पितळ आणि वर जाड कागदाची नळी. वडील एकेक नळी उजेडात धरून बघत, फाटकी बाजूला टाकत, चांगली भरत, तोंड मुडपत, वर मेणाचा थेंब सोडत. सगळं झालं की काडतुसं फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात, पार तळाशी.

होय, तांदळाच्या डब्यात. भात शिजवायला आई माप घालायची तेव्हा कधीमधी आतून टक्क असा आवाज यायचा. मग ती नुसतं म्हणायची, "तुझ्या बाबांचो खजिनो वर इलो," आणि खाली दाबायची.

त्या जूनमध्ये मी बी.एस्सी. झाले. केमिस्ट्री. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेलं कोणी नव्हतं, त्यामुळे मी पास झाले ही बातमी चाळीत दोन दिवस आणि माझ्या डोक्यात दोन वर्षं राहिली. नोकरी नव्हती. ज्ञान होतं. ते कुठेतरी लावणं भाग होतं.

त्याच महिन्यात बँकेच्या मुख्य कचेरीकडून पत्र आलं. सगळ्या बंदूकवाल्या गार्डांची ऑगस्टमध्ये परीक्षा होणार. मुलुंडच्या डोंगराखाली बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिथे तीन काडतुसं झाडून दाखवायची, निशाणावर. काडतुसं ज्याची त्याने आणायची. नापास होईल त्याची बंदूकवाल्याची जागा गेली. पत्र इंग्रजीत होतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण आईने दोनदा विचारलं.

वडिलांकडे कंपनीची, म्हणजे विकतची, दोनच काडतुसं शिल्लक होती आणि ती ड्यूटीची. त्यांचा नियम पक्का होता. "चोर इलो तर कंपनीची, सायब इलो तर घरची."

"मग घरची या वेळी मी भरते," मी म्हटलं. "नीट. शास्त्रीय पद्धतीने."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. "तुका जमतला?"

"बाबा, मी तीन वर्षं केमिस्ट्री काय भांडी घासायला केली?"

"असांदे," ते म्हणाले आणि पाटावरून उठून मला जागा दिली. वडिलांनी माझ्यासाठी पाट सोडल्याची ही पहिली वेळ होती. मला तेव्हा तो माझा हक्क वाटला.

पहिली गोष्ट, मी आजोबांची पितळी पळी बाद केली. कोपऱ्यावरच्या सोनाराकडून जुना तराजू मागून आणला आणि प्रत्येक काडतुसाचे छर्रे तोलले. मग वडिलांना त्यांची चूक दाखवावी म्हणून त्यांना पळीने पाच वेळा मापायला लावलं आणि तेही तोललं. पाचही वेळा काटा एकाच जागी. मी म्हटलं, योगायोग. वडिलांनी पळी धोतराच्या फडक्यात बांधून ठेवली.

दुसरी गोष्ट, मी प्रत्येक काडतुसाला नंबर दिला. कागदाची चिठ्ठी, त्यावर क्रमांक, तारीख, माझी सही. वडिलांनी एक हातात घेऊन चिठ्ठी फिरवून बघितली. "ह्या कित्याक? डुकराक वाचूक?"

"नोंद ठेवावी लागते, बाबा. प्रयोगशाळेत असंच करतात."

तिसरी गोष्ट मोठी. मी काडतुसं तांदळाच्या डब्यात ठेवायला साफ नकार दिला. "शिसं विषारी असतं. तुम्ही छर्रे आणि भात एका डब्यात ठेवता. हे अडाणीपणाचं लक्षण आहे." शिशाबद्दलचं माझं म्हणणं आजही बरोबर आहे, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढच्या भागात बरोबर असं दुसरं काही नाही.

आई गॅलरीतून म्हणाली, "इतकी वर्सां खाताव. मेलंव काय आमी?"

"हळूहळू मरतात, आई. लक्षात येत नाही."

"ता खरा," आई म्हणाली. "संसारात तसाच असता."

वडिलांनी मान हलवली. "शिकलेला माणूस सांगता, तर आयकूक होया." हे ते थट्टेने म्हणाले की मनापासून, हे मला अजून कळलेलं नाही.

दहा बाय बाराच्या खोलीत मोकळी फळी एकच होती. मोरीच्या वरची. मी तिथलं साबणाचं सामान हलवलं, पुसून घेतली, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात माझी बारा काडतुसं ओळीने उभी केली, खोक्यावर आत काय आहे ते इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहिलं. दिसायला फार सुंदर दिसत होती. खाली रोज तीन माणसांच्या आंघोळीचं कढत पाणी ओतलं जात होतं, वाफ वर जात होती, बाहेर जुलै महिना होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेचं जाडजूड भांडं असायचं, त्यात तळाशी पाणी शोषणारे खडे घालून पदार्थ कोरडे ठेवतात. त्याचं नाव, त्याची आकृती, त्याचा उपयोग यावर मला पेपरात सातपैकी सहा मार्क होते. एक मार्क कशाचा गेला हे मला ऑगस्टमध्ये कळलं.

परीक्षेच्या रविवारी वडिलांनी मला बरोबर घेतलं. फॉर्म इंग्रजीत होता आणि तो भरायला घरचं माणूस असलेलं बरं, असं ते म्हणाले. मी मात्र माझ्या काडतुसांचा निकाल बघायला निघाले होते. खाणीत पाचसहा गार्ड होते, सगळे इस्त्रीच्या खाकीत, आणि परीक्षा घ्यायला फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार. मिशी पांढरी, आवाज असा की दगडावर आपटून परत यायचा. समोर डांबराच्या रिकाम्या पिंपावर पत्र्याचा एक डबा ठेवलेला होता.

वडिलांची पाळी आली. सुभेदारांनी खोकं उघडलं आणि चिठ्ठ्या बघितल्या. "हे नंबर कसले?"

"नोंद आहे," मी पुढे होऊन म्हटलं. "प्रत्येक काडतूस तोलून भरलेलं आहे. मी केमिस्ट्रीची पदवीधर आहे."

"असं होय," सुभेदार म्हणाले. "मग काळजीच मिटली."

वडिलांनी बंदूक बिजागरीत मोडून उघडली, क्रमांक एक उचललं, नळीत घातलं. अर्ध्यावर अडकलं. अंगठ्याने दाबलं. जागचं हललं नाही. बाहेर काढायला जावं तर निघेना. शेवटी पितळेच्या कडेला नख आणि मग चाकू लावून ओढलं. क्रमांक दोन त्याच्याही अलीकडे थांबलं. क्रमांक तीन वडिलांनी नुसतं नळीच्या तोंडाशी धरलं आणि खाली ठेवलं. कागद फुगला होता. माझ्या सहीच्या चिठ्ठीला मधोमध एक सुरकुती पडली होती.

बाजूच्या गार्डांपैकी कोणीतरी म्हणालं, "लेबल काढून घाल ना यार, नंबरामुळे अडकत असेल." दोघंतिघं हसले.

सुभेदारांनी काडतूस बोटांत फिरवलं. "ओल लागली. कुठे ठेवली होती?"

मोरीच्या वर, हे उत्तर माझ्या तोंडात होतं आणि तिथेच राहिलं. इतकी लाज मला ना आधी वाटली होती ना नंतर, आणि मी पुढे सरकारी कचेरीत बावीस वर्षं काढली आहेत. माझ्यासमोर वडिलांची बंदूक उघडी पडली होती, नळी रिकामी होती, आणि पत्रातलं शेवटचं वाक्य मला तोंडपाठ होतं.

वडिलांनी बंदूक कोपरात अडकवली, खाकी शर्टाच्या खिशाचं बटण काढलं आणि फडक्याची पुरचुंडी बाहेर काढली. ती सोडताना चारपाच तांदूळ खाली दगडावर पडले. आत तीन काडतुसं होती. बिनचिठ्ठीची.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते माझ्याकडे न बघता हळू म्हणाले, "तुझी पयली घालून बगितलंय ना."

पहिलं काडतूस नळीत असं गेलं जसं काही घरी परत चाललं आहे. पत्र्याचा डबा पिंपावरून उडाला. पुन्हा ठेवला, पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा तो इतका चाळणीसारखा झाला होता की आईने बघितला असता तर घरी आणला असता.

"पास," सुभेदार म्हणाले. मग फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "पण पहिली तीन चालली नाहीत, हे लिहावं लागेल. इथे कारण लिहा. गार्डाचा हलगर्जीपणा असेल तर मला शेरा मारावा लागतो. ठेवली कोणी होती?"

"मीच," वडील म्हणाले. एका क्षणाचाही वेळ न घेता. मग मला म्हणाले, "लिव बाय. माझी चूक झाली म्हणून लिव."

शेरा म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. पुढच्या वर्षी काडतूस कितीही नीट उडालं तरी कोणीतरी फाइल उघडणार आणि तो शेरा वाचणार. आणि वडिलांना ते इंग्रजी वाचताही येणार नव्हतं. मी जे लिहीन त्याच्या खाली ते शांतपणे सही करणार होते. सावकाश, मराठीत, एकेक अक्षर जोडत.

मी पेन उघडलं. दमट हवेबद्दल मला दोन पानं लिहिता आली असती, सूत्रासकट. मी एवढंच लिहिलं की काडतुसं गार्डाने नेहमीच्या कोरड्या जागी ठेवली होती. ती तिथून हलवून आंघोळीच्या जागेवरच्या फळीवर ठेवण्यात आली. हलवणारी व्यक्ती खाली सही करत आहे. खाली सही केली. सहीच्या पुढे कंसात पदवी लिहिली.

सुभेदारांनी फॉर्म दोनदा वाचला. "ही व्यक्ती बँकेत नोकरीला आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग हिच्यावर शेरा मारता येत नाही," ते म्हणाले आणि शिक्का उमटवला.

परतीच्या बसमध्ये वडिलांनी उरलेल्या नऊ काडतुसांचं खोकं मांडीवर घेतलं होतं, एखाद्या आजारी पोरासारखं. मी विचारलं, ती तीन डब्यात कधी ठेवलीत. म्हणाले, ज्या रविवारी तू फळी पुसलीस त्याच दिवशी. आईला माहीत होतं. म्हणजे दोन महिने आई माप घालत होती, टक्क आवाज येत होता, आणि दोघं मला काही बोलली नव्हती.

घरी आल्यावर मी चिठ्ठ्या सोलून काढल्या आणि नऊ काडतुसं फडक्यात गुंडाळली. आईने डब्याचं झाकण उघडून धरलं. मी हात कोपरापर्यंत तांदळात घातला आणि ती तळाशी नेऊन ठेवली.

"शिसां विषारी असता ना गो?" आई म्हणाली.

"असतंच," मी म्हटलं. "उद्यापासून तांदूळ तीन पाण्यात धुवायचे."

पदवी मिळाल्यावर कुठल्याही अधिकृत कागदावर मी नावापुढे बी.एस्सी. लिहिलं ते पहिल्यांदा त्या फॉर्मवर. तो बँकेच्या कुठल्यातरी फाइलीत अजून असेल. कोरडा असेल अशी आशा आहे.